कोरडा विभाग

"मॅडम, इथं काहीतरी नासलं आहे जी."

विमानाच्या पोटातून भोयरकाकांचा आवाज आला. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे मोजे घातलेले पाय.

"उंदीर असेल तर मला सांगू नका," मी म्हटलं.

"उंदीर नाही. आंबट आहे. दही पंधरा दिवस झाकून ठेवल्यावानी."

मी ओढणी कमरेला खोचली, टॉर्च घेतला आणि झडपेतून आत सरपटले. मे महिना होता, नागपूरचा. हँगरचे पत्रे सकाळी दहालाच तापलेले. विमानाच्या शेपटीकडच्या त्या बोळकांडीत हवा जागची हलत नव्हती, आणि तो वास सरळ नाकात घुसला.

तो ओळखायला मला क्षणही लागला नाही. माझ्या लेकीची, जाईची दुधाची बाटली एकदा तीन दिवस बॅगेत विसरली होती. झाकण उघडल्यावर आला होता, तोच हा वास.

टॉर्च वर फिरवला. वरच्या फळीच्या सांध्यातून पिवळट पांढरा ओघळ निघाला होता. तारांच्या जुडग्यावरून उतरून तो खालच्या कप्प्यातल्या दोन काळ्या पेट्यांवर, त्यांच्या प्लगांवर येऊन साकळला होता. कडेला खपली धरली होती. एका जागी वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"कायचं असंल?" भोयरकाकांनी विचारलं. आणि उत्तराआधीच फडकं शोधू लागले. त्यांनीही वर पाहिलं होतं. वर रोज काय चालतं, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ते म्हणाले, "मी पुसून टाकतो. कोणाले काही सांगाले नको."

वर विमानाचं स्वच्छतागृह होतं. एकोणीस आसनांचं आमचं ते पहिलंवहिलं विमान अजून धावपट्टीवरही गेलं नव्हतं. हँगरमध्ये बायकांसाठी जागा नव्हती. ती होती ऑफिसच्या इमारतीत, उन्हातून दहा मिनिटं चालत. सात महिन्यांच्या मुलीची आई दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं दुधाचा पंप लावून कुठे बसणार? आतून कडी लागणारी एकच जागा त्या हँगरात होती, ती म्हणजे विमानाच्या मागच्या टोकाची ती कपाटाएवढी खोली. भोयरकाका आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. पहिल्याच दिवशी त्यांनी न बोलता शिडीपाशी 'काम चालू' अशी पाटी आणून टेकवली. मी बाहेर आले की पाटी उचलायचे आणि माझ्याकडे न बघता निघून जायचे. पंपाचे तुकडे मी तिथल्या ओंजळीएवढ्या बेसिनमध्ये बाटलीतल्या पाण्याने विसळत होते. उरलेसुरले थेंब त्या बेसिनच्या नळीतून विमानाबाहेर जायला हवे होते.

ते विमानाबाहेर गेले नव्हते.

माझं काम काय होतं, तेही सांगायला हवं. विमानाला प्रवासी नेण्याचं प्रमाणपत्र मिळण्याआधी कोणीतरी लिहून द्यावं लागतं, की अमुक यंत्रणा बंद पडली तर काय होईल आणि ती किती तासांत एकदा बंद पडेल. ते लिहिणारी मी. त्या दोन काळ्या पेट्या म्हणजे शेपटीचे आडवे पंख हलवणारे दोन संगणक. एक बिघडला तर दुसरा सांभाळतो. दोन्ही एकदम गेले, तर विमान सांभाळायला कोणी उरत नाही. एक संगणक लाख तासांत एकदा बिघडतो असं धरलं, तर दोन्ही एकदम बिघडायला लाख गुणिले लाख, म्हणजे हजार कोटी तास. नियमाला शंभर कोटी पुरतात. आम्ही दहापट सुरक्षित. हा गुणाकार मी सतरा वेळा तपासला होता.

पण दोघांना एकाच वेळी मारणारी एकही गोष्ट आसपास नसेल, तरच तो गुणाकार खरा. आसपास तसं काही नाही ना, हे पाहणं हेसुद्धा माझंच काम. आणि सव्वा महिना रोज दोनदा त्या खोलीत बसून, माझ्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"पुसू नका," मी भोयरकाकांना म्हटलं. "आधी फोटो काढू."

---

पन्नासे सर आमचे विभागप्रमुख. हँगरमध्ये तंबाखूला सक्त बंदी, म्हणून ते आपला खर्रा केबिनमध्ये खात. टेबलावर कायम कॉफीचे दोन कागदी कप असत, आणि त्यांतला एक कॉफीचा नसे. त्यात ते थुंकत. तो कप भरत येऊन काठाशी लाल फेस धरेपर्यंत तिथेच असे.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला.

"काय आहे हे?"

मी सांगितलं. सरळ, चार वाक्यांत.

"ई!" त्यांनी फोन पालथा ठेवला, एका बोटाने. "विमानात? अगं, काही वाटतं का तुला? मला डिटेल सांगू नको बाई, माझं जेवण व्हायचंय." आणि कप उचलून त्यात थुंकले.

"सर, मुद्दा तो नाही. बेसिनची नळी गळतेय. दोन्ही संगणकांवर."

"बेसिन दुधासाठी केलंय का?"

"पाण्यासाठी केलंय. पाणीही तिथूनच जाणार आहे."

"केतकी, ऐक." ते खुर्चीत मागे रेलले. आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज मला अजून आठवतो. त्याला खर्ऱ्यातल्या सुपारीचा वास होता. "तू मला लेकीसारखी. बाळंतपणानंतर बाया जरा जास्तच भितात. माझी बायको गॅस बंद आहे का म्हणून रात्री चारदा उठायची. परवा नियामक खात्याचे तांबोळी येतायत. उड्डाणाआधीची शेवटची पाहणी. तू काय करणार? चार पुरुषांसमोर उभी राहून सांगणार, की मी विमानाच्या संडासात बसून काय काढत होते?"

मी फोन उचलून सुलटा केला.

"मी तुला वाचवतोय," ते म्हणाले. "भोयरला सांगतो, स्वच्छ करेल. प्लग नवे टाकतो. तू तुझ्या अहवालात दोन ओळी घाल. अनधिकृत वापरामुळे बाह्य पदार्थ सांडला, साफ केला, रचनेशी संबंध नाही. कोणाचा वापर, ते मी लिहायला लावत नाही. आणि पुढे तुझं नेहमीचं वाक्य. विभाग कोरडा. सही."

"आणि नळी?"

"नळी बघू प्रमाणपत्रानंतर."

मी उठले. दाराशी पोचले तशी त्यांनी हाक मारली. "आणि हे बघ, ते तुझं... ते उद्यापासून ऑफिसच्या इमारतीत. विमान आहे ते, गोठा नाही."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. दातांच्या फटी लाल होत्या. बाहेर येऊन मी वॉटर कूलरच्या बाजूला उभी राहिले. दोन ग्लास पाणी प्यायले, तेव्हा कुठे तो सुपारीचा वास नाकातून गेला.

---

संध्याकाळी जाईला मांडीवर घेऊन मी फोटो पुन्हा पाहत होते. सारंग, माझा नवरा, शेजारी बसून तिचे पाय हलवत होता.

"लिही ना दोन ओळी," तो म्हणाला. "नाव तर येत नाहीये तुझं. तो माणूस चक्क तुला झाकतोय."

"म्हणूनच तर शंका येतेय."

"म्हणजे?"

"पन्नासे सरांनी आजवर कोणाला झाकलंय?"

सारंगने खांदे उडवले. मी फोटो मोठा करत गेले. पांढरी खपली, तिच्या भेगा. एका भेगेत, प्लगाच्या दांड्यापाशी, हिरवं काहीतरी होतं. आधी मला बुरशी वाटली. फोटो आणखी मोठा केला. बुरशीला लव असते. हा थर घट्ट होता, तांब्याचा गडू वर्षभर फळीवर पडून राहिला की त्याला धरतो तसा. आणि तो पांढऱ्याच्या खाली होता. दूध त्याच्यावरून वाहत आलं होतं.

असा थर बसायला महिने लागतात. मी एप्रिलमध्ये कामावर परतले होते.

"काय झालं?" सारंगने विचारलं.

"हे माझं नाही," मी म्हटलं. आणि कितीतरी वेळाने मला मोकळं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच वाटलं. माझं नाही. तांबोळींना परवा हेच सांगायचं, दूध नव्हतंच, आधीपासूनचं पाणी आहे. मला तोंड उघडून ते दुसरं काही बोलायचीच गरज नाही.

---

दुसऱ्या दिवशी भोयरकाका पेट्या पुसत होते. स्पिरिटचा वास भरला होता. जुने प्लग त्यांनी एका डब्यात टाकले होते.

"काका, हे हिरवं कधीचं?"

त्यांनी फडक्याची घडी केली, उलटी केली, पुन्हा केली.

"काका."

"जानेवारीत पाणी सोडून पाह्यलं होतं मॅडम. तुम्ही सुट्टीवर होत्या तवा. गळलं. बरंच गळलं. मी सरांना दाखवलं. पूस म्हणाले. म्हटलं, नवीन वायसर टाकतो, नळी फिरवून घेतो. तर म्हणे, कागद उघडावा लागंल, राहू दे."

"म्हणजे त्यांना जानेवारीपासून माहीत आहे."

"हो जी."

"आणि काल माझ्या तोंडावर..." त्या माणसाने माझा फोन एका बोटाने पालथा घातला होता. शिसारी आली म्हणून नव्हे. दुधाने त्याचं काम सोपं केलं होतं. पाण्याची गळती म्हणजे कंपनीची चूक. दुधाची गळती म्हणजे माझी लाज, आणि लाजेपायी मीच ते झाकणार, सहीसकट. हे त्याने तिथल्या तिथे, खर्रा चघळता चघळता जुळवलं होतं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं काका? मी रोज वर जात होते. पाटी तुम्हीच ठेवत होता."

भोयरकाकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"तुमच्या सहीचा कागद पाह्यला ना जी मी. मले वाटलं, मॅडमनं पाहूनच सही केली असंल."

"कुठला कागद?"

पण विचारतानाच मला आठवला.

रजेवरून परतल्याचा पहिला दिवस. टेबलावर बदल-पत्रकांचा गठ्ठा. विमानात कुठलीही वस्तू जागची हलवली की एक पत्रक निघतं, आणि त्यावर सुरक्षा तपासणाऱ्याची सही लागते. वस्तू हलवायच्या आधी. मी नव्हते म्हणून वस्तू हलल्या होत्या आणि पत्रकं माझी वाट पाहत पडली होती. एकेचाळीस होती. "फॉर्मॅलिटी आहे, सगळं बसवून झालंय," पन्नासे सर म्हणाले होते. चार वाजले होते. जाईच्या दुधाची वेळ टळून गेली होती, छाती दगडासारखी ठणकत होती, कुर्ता ओला होईल म्हणून मी फाइल पोटाशी धरून बसले होते. मी एकेचाळीस सह्या केल्या.

कपाटातून गठ्ठा काढला. बावीस नंबरचं पत्रक. 'स्वच्छतागृह पुढून मागे हलवणे.' पुढे गिऱ्हाइकाला सामानाचं कपाट हवं होतं, म्हणून. खाली प्रश्न: विभागात द्रवाचा नवा स्रोत येतो का? दोन चौकोन. 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण. केतकी देवतळे. माझी सही शेवटी वर उडते, ती तशीच उडालेली.

खुणेची रेघ सुबक होती. घाईतली वाटतच नव्हती.

---

तांबोळी साहेब नियामक खात्यातून आले होते. साठीला टेकलेले, बुटके, शर्टाच्या खिशात दोन पेनं. संध्याकाळचं विमान गाठायचं म्हणून सारखं घड्याळ पाहत होते. पन्नासे सरांनी त्यांना संत्रा बर्फी खाऊ घातली, सावजीच्या जेवणावर दोन विनोद केले. दोघं हसले. मला वाटलं, संपलं.

शेपटीपाशी आलो. तांबोळींनी झडपेतून डोकं घातलं, टॉर्च फिरवला, डोकं बाहेर काढलं.

"स्पिरिटचा वास येतोय."

"स्वच्छता, सर," पन्नासे म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून."

"हा विभाग कोरडा?"

"ठणठणीत."

"तपासणी कोणाची?" त्यांनी कागद पाहिला. "देवतळे मॅडम. कोरडा?"

सहीची जागा मी रिकामी ठेवली होती. ते पन्नासे सरांना माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

पन्नासे हसले. "सर, मॅडमचं जरा पर्सनल आहे. बाळ लहान आहे, झोप होत नाही. आपण चहा घेऊ."

पाणी म्हणायचं, एवढंच ठरवून आले होते मी. जानेवारी, पाणी, वायसर. तेवढं पुरेसं होतं आणि ते खरंही होतं. पण तो 'पर्सनल' शब्द त्यांनी इतक्या हळुवारपणे उच्चारला, जणू माझ्या अंगावर चादर पांघरत होते. त्या चादरीखाली मी गुदमरले.

"वरच्या बेसिनची नळी या दोन्ही संगणकांवर गळते," मी म्हटलं. "मी सव्वा महिना वर बसून अंगावरचं दूध काढत होते. इथे दुसरी जागा नाही. बेसिनमध्ये पंप धुतला, ते दूध खाली आलं. म्हणून कळलं. त्याआधी जानेवारीत पाणीही असंच आलं होतं. तेव्हाचा हिरवा थर प्लगांवर आहे."

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी "शी" म्हणालं. अगदी हळू. तांबोळींनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. कान लाल झाले त्यांचे.

"प्लग कुठायत?" बुटांकडे बघतच त्यांनी विचारलं.

"टाकून दिले, सर," पन्नासे म्हणाले.

"माझ्यापाशी आहेत," भोयरकाका म्हणाले आणि डबा पुढे केला.

तांबोळींनी एक प्लग उचलून उजेडात धरला. मग घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं. "वर जा," ते भोयरकाकांना म्हणाले, "आणि एक तांब्या पाणी ओता."

आम्ही खाली वाकून पाहत राहिलो. वरून पाणी ओतल्याचा आवाज आला. काही झालं नाही. पन्नासे सर म्हणाले, "बघा." मग फळीच्या सांध्यातून एक थेंब लोंबला, सुटला, तारेवरून घसरत पहिल्या पेटीच्या नव्याकोऱ्या प्लगावर थांबला. दुसरा थेंब आला. तिथून दुसऱ्या पेटीवर.



त्या विमानाला प्रमाणपत्र मिळायला पुढे चौदा महिने लागले. आता त्यातले दोन संगणक दोन वेगळ्या टोकांना आहेत, असं ऐकते. मी तोवर तिथे नव्हते. भोयरकाकाही नव्हते. पन्नासे सर निवृत्तीपर्यंत होते, आणि गळती 'आमच्या चोख तपासणीत' सापडल्याचं एका परिषदेत त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, असंही ऐकते. त्यांची किळस मला आजही येते. पण ती सोपी आहे. वॉटर कूलरपाशी उभं राहिलं की उतरते.

त्या दुपारी, थेंब पडत असतानाच, तांबोळींनी फाइल मागितली. पानं उलटत बावीस नंबरवर आले. बोट खुणेवर ठेवलं.

"पण हे? इथे तर 'नाही' लिहिलंय. ही सही कोणाची?"

पन्नासे सर तत्परतेने माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खूप वेळाने पुन्हा रंग आला होता.

"माझी," मी म्हटलं.

"तुमची?" तांबोळींनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तुम्हीच..." पुढचं त्यांनी गिळलं. माझ्याविषयी त्यांना नुकताच वाटू लागलेला आदर जाताना मला दिसला. कोणाच्या चेहऱ्यावरून काही उतरताना इतकं स्पष्ट मी कधी पाहिलं नव्हतं. "कारण द्यावं लागेल. इथे रकाना आहे."

त्यांनी खिशातलं एक पेन दिलं. फाइल मी पंखाच्या कडेवर टेकवली. साडेचार झाले होते. शरीराला हँगर कळत नाही, पाहणी कळत नाही. कुर्त्यावर समोर दोन ओले गोल पसरत चालले होते. सगळ्यांना दिसत होते. पन्नासे सरांनी तोंड फिरवलं.

मी रकान्यात लिहिलं: न वाचता सही केली.

ओढणी खांद्यावरून घसरली होती. ती मी सारखी केली नाही. अजून खाली तारीख घालायची राहिली होती.